तिसऱ्या थराचा रंग

सुमनताई, रविवारी तुमची शोकसभा झाली. आपल्या मराठी मंडळाच्या त्याच सभागृहात, त्याच लाल पडद्यासमोर. तुम्ही असतात तर दुसऱ्या भाषणालाच उठून माझ्या कानाशी येऊन म्हणाला असतात, "कदमजी, चला. बाहेर कचोरी तरी गरम मिळेल." मी मात्र शेवटपर्यंत बसून राहिलो. शेवटी मला बोलायचं होतं.

तुम्ही किती वर्षं शिकवलंत, कुठे कुठे खोदलंत, हे बाकीच्यांनी सांगून झालं आहे. त्यातलं निम्मं चुकीचं होतं, पण तुमच्या चुका काढायच्या सवयीला आता मीच आवर घालतो. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे. ते अर्ध्यावर राहिलं. आणि त्यातली माझी एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. तुम्ही ऐकायला होतात तेव्हा तोंड उघडलं नाही, आता उघडतोय. भित्र्या माणसाची ही जुनी रीत आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

कऱ्हाडहून माळव्यात येऊन मला दोनच महिने झाले होते. भंवरकुआं भागात एका कोचिंग क्लासच्या वर खोली घेतली होती, आणि सकाळ-संध्याकाळ खालून कोणीतरी माइकवर भौतिकशास्त्र ओरडायचं. कॉलेजात भूगोल शिकवायचो, वर्षावर्षाच्या करारावर. एक दिवस स्टाफरूममध्ये तुम्ही आलात. हेल्मेट काखेत, साडीच्या निऱ्यांना माती लागलेली. इतिहासाच्या निवृत्त मॅडम, एवढंच मला ठाऊक.

"भूगोलाचे नवीन सर तुम्हीच ना? लेव्हल लावता येते?"

जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं ते यंत्र मला येत होतं. मी हो म्हटलं.

"मग उद्या सहाला राजवाड्याजवळ या. जीप असते. टोपी आणा. आणि हे इस्त्रीचे कपडे-वपडे बिलकुल नको."

नाव नंतर विचारलंत. आणि लगेच 'कदमजी' करून टाकलंत. मला आजवर कोणी कदमजी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे कदम तरी किंवा सर तरी. तुमच्या त्या मराठीची मला सुरुवातीला गंमत वाटायची, खरं सांगायचं तर थोडी कीवही. "माती काही भागून नाही जाऊन राहिली, आराम से करा" असलं वाक्य ऐकलं की माझ्यातला मास्तर जागा व्हायचा. एकदा मी तुमचं वाक्य दुरुस्त केलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कदमजी, जुन्या वस्तीच्या जमिनीला मराठीत काय म्हणतात?" मला सांगता येईना. "पांढरी. गाव वसतं ती पांढरी आणि शेत असतं ती काळी. तीनशे साल झाले आम्हाला घर सोडून, पण हा शब्द अजून आमच्याकडे आहे. तुम्ही तिथेच राहून हरवला." पुन्हा मी तुमचं मराठी सुधारायच्या भानगडीत पडलो नाही.

हातोद गावाच्या पुढे, ओढ्याच्या काठी, रामेश्वरजींच्या लसणाच्या शेतात ती टेकरी होती. गावातले लोक वर्षानुवर्षं तिची भुरी माती खत म्हणून गाड्या भरभरून नेत होते. अर्धी टेकरी तर पिकांच्या पोटात गेली होती. उरलेल्या अर्ध्या भागात आपण चर घेतला. पंधरवड्यात चराच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत थर दिसू लागले. सगळ्यांत खाली कोरी काळी माती, माणसाचा हात न लागलेली. तिच्यावर तांब्या-दगडाच्या काळातली पहिली घरं, लाल भांड्यांवर काळ्या रंगात काढलेली हरणं. त्यावर कितीतरी काळ काहीच नाही. मग विटा, मग पुन्हा घरं, पुन्हा मोडतोड. तुम्ही वरून आकडे घातलेत. पहिला थर नांगराखालचा, दुसरा अलीकडच्या दीड-दोनशे वर्षांचा, तिसरा त्याच्या खालचा, असे कोऱ्या मातीपर्यंत नऊ.

त्या भिंतीचं चित्र मापानुसार काढायचं काम माझं होतं. मी डोळे बारीक करून बघत बसायचो आणि मला दोन थरांमधली सीमा सापडायची नाही. सगळं तपकिरीच. तुम्ही मागून आलात.

"डोळे बंद करा."

"ताई, चित्र काढायचंय."

"म्हणून तर सांगून राहिले. बंद करा. अंगठा लावा, वरून खाली या."

मी अंगठा फिरवत खाली आलो. एका जागी माती मऊ होती, तसूभर खाली अंगठ्याला कच लागली. मी थांबलो. तुम्ही त्या जागी खिळा ठोकलात आणि म्हणालात, "झालं. आता उघडा आणि काढा." मातीवर मी परीक्षा दिल्या होत्या, ताई. पण माती कशी वाचायची ते त्या दिवशी कळलं. त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहून गेले. तुम्हाला आभार आवडत नसत, हे कारण सोयीचं आहे म्हणून मी ते बरीच वर्षं वापरलं.

तिसरा थर गेंदाबाईंनी उघडला. गावातल्या पंधरा-वीस बाया खुरपं घेऊन कामाला होत्या, पण तुमचा भरवसा तिच्यावरच होता, कारण ती कधीच घाई करत नसे. "मैडमजी, यां तो राख है," तिने हाक मारली. आपण वाकलो. वीतभर जाडीची राख, तिच्यात भाजून लाल झालेले भिंतींचे गोळे. दोन दिवस ब्रशनं साफ करत गेलो तेव्हा एक खोली दिसू लागली. कोपऱ्यात मातीची कोठी, तिच्यात जळून कोळसा झालेली ज्वारी. काचेच्या बांगड्यांचा एक झुबका, उष्णतेनं वितळून एकमेकींत चिकटलेला. आणि मधोमध जातं. वरची तळी जागेवर. ती उचलली तर खाली अर्धवट दळलेले दाणे, काळे.

गेंदाबाईने एक दाणा बोटांत धरून बघितला. मग म्हणाली, "कोई पीसते-पीसते उठी है. पूरो नी पीस्यो."

राखेत तांब्याची नाणी मिळाली. तुम्ही ती चष्मा वर सारून, डोळ्यांशी नेऊन वाचलीत. परतीच्या जीपमध्ये मला म्हणालात, "मराठी फौजा माळव्यात उतरू लागल्या, त्याच सुमाराची आहेत. आमचे मूळ पुरुष पण तेव्हाच आले. घोड्यावर. त्यांची तलवार आमच्या घरी आहे, दसऱ्याला वसंता पूजा करतो." वसंता म्हणजे तुमचा धाकटा भाऊ. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "लहानपणी मी तिला हळद-कुंकू वाहायची. ती कशाला वापरली असेल, हे कधी मनातच नाही आलं."

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, एकच खोली जळलेली दिसते आहे. चुलीची ठिणगी उडाली असेल. छप्पर गवताचं. त्याच काळात फौजा आल्या म्हणून त्यांनीच जाळलं, हे कसं म्हणता येईल? तुम्ही म्हणालात, "मी कुठे म्हटलं?" मी म्हटलं, तुमच्या मनात तेच आहे. तुम्ही म्हणालात, "मनात तर खूप काही आहे. कागदावर काय येतं ते बघा. 'माहीत नाही' लिहायला मी तयार आहे, कदमजी. 'काही झालंच नाही' लिहायला नाही." हे भांडण आपण जीपमध्ये केलं, चराच्या काठावर केलं, तुमच्या ओट्यावर शेव-परमल, म्हणजे आमचे शेव-कुरमुरे, खात केलं. माझी शंका खरी होती, आणि तुम्ही तिला मान देत होतात. एवढंच असतं तर या भांडणाचं मला आज काहीच वाटलं नसतं.

दुसऱ्या वर्षी मंडळाने प्रदर्शन भरवलं. माळव्यातल्या मराठी माणसांचा वारसा असा काहीसा विषय. पगड्या, सनदा, तैलचित्रं, ढाली. मागच्या कोपऱ्यात आपल्या उत्खननाला जागा मिळाली. माझं भिंतीचं चित्र मोठं करून लावायचं होतं आणि प्रत्येक थराखाली तुमची पाटी. तिसऱ्या थराखाली तुम्ही लिहिलं होतंत: 'जळालेली वस्ती. मराठी फौजा माळव्यात येऊ लागल्या त्या काळातली. आग कशी लागली, माहीत नाही.'

अध्यक्षांनी आपल्या दोघांना बोलावलं. पांढरे केस, गोड बोलणं, शहरातल्या निम्म्या समित्यांवर त्यांचं नाव. आमच्या कॉलेजच्या कार्यकारिणीवरही.

"ताई, ही पाटी आपल्या घरच्या समारंभात शोभते का?"

"चूक काय आहे ते सांगा. बदलते."

"चूक नाही हो. पण लोक म्हणतील, आपण जाळलं."

"मी तर 'माहीत नाही' लिहिलंय," तुम्ही म्हणालात. "तुम्हाला पक्कं माहीत असेल तर सांगा, तसं लिहून टाकते."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आपण बाहेर आलो आणि जिन्यावर तुम्ही इतक्या हसलात की कठड्याला धरून उभं राहावं लागलं. मीही हसलो. त्या वेळी मी पूर्णपणे तुमच्या बाजूला होतो, हे नमूद करून ठेवतो, कारण पुढच्या आठवड्यात नव्हतो.

पुढच्या आठवड्यात अध्यक्ष मला एकट्याला भेटले. कॉलेजच्याच आवारात, झाडाखाली. "कदमसर, तुम्ही शास्त्राची माणसं. तुम्हीच म्हणता ना, सिद्ध झालेलं नाही? मग जे सिद्ध नाही ते ठळक कशाला? ताईंच्या पाटीचं मी बघतो. तुम्ही चित्रातला रंग तेवढा बदला. दुसऱ्या थरासारखाच द्या." निघताना म्हणाले, "यंदा तुमच्या कराराचं पण बघायचंय." त्या वर्षी मुलीला शाळेत घातलं होतं. बायको नुकतीच कऱ्हाडची नोकरी सोडून इकडे आली होती. ही कारणं नाहीत, नुसती हकिगत आहे.

शनिवारी दुपारी घरी बसून मी छपाईला द्यायच्या प्रतीवर तिसऱ्या थराचा काळा-तांबडा रंग खोडला आणि दुसऱ्याचा तपकिरी भरला. मधली रेघ पुसली. कडेला '२' आणि '३' होते, त्यातला '३' खोडला, खालचे आकडे वर सरकवले. नवाचे आठ झाले. अर्ध्या तासाचं काम. करताना मनाशी म्हणत होतो, की शास्त्र सावधच असलं पाहिजे. माझी शंका खरी होती, ताई. पण त्या दुपारी मी तिच्या आड लपून बसलो होतो.

उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही चित्रासमोर उभ्या राहिलात. पाट्याही आठच होत्या. तुम्ही वरून खाली एकदा बघितलंत, मग पुन्हा एकदा.

"कदमजी, तिसरा थर कुठे गेला?"

मी म्हणालो, "छपाईत काहीतरी गडबड झालीय, ताई."

"छपाईत?"

"हो."

"अच्छा," तुम्ही म्हणालात आणि बाहेर गेलात.

मला वाटलं, घरी गेलात. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर सभागृहाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला, तुमची स्कूटी स्टँडवर उभी. तिच्या सीटवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर माझं मूळ चित्र, आलेखाच्या कागदावरचं, तुमच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. शेजारी लोखंडी ट्रेमध्ये वितळलेल्या बांगड्या. आणि तुम्ही उभ्या. टोपी घालून.

तीन दिवस तुम्ही तिथे उभ्या होतात. पहिल्या दिवशी लोक वळसा घालून आत गेले. दुसऱ्या दिवशी राजवाड्याकडून येणारे ऑटोवाले थांबू लागले. "क्या बेच रिये हो, अम्माजी?" एकाने विचारलं. "बेचून नाही राहिले, भिया. दाखवून राहिले. बघ, ही बांगडी. हात केवढा असेल?" त्याने आपलं मनगट शेजारी धरून बघितलं. तिसऱ्या दिवशी भंवरकुआंची कोचिंगची पोरं-पोरी वह्या घेऊन आली. मंडळाचा कार्यवाह दोनदा येऊन गेला, "मैडम, असं रस्त्यावर बरं नाही दिसत." तुम्ही म्हणालात, "आत जागा द्या, आत येते." आतल्या तैलचित्रांपुढे जितकी माणसं थांबली, तितकीच बाहेर स्कूटीपुढे थांबली असतील. तुमच्या गुडघ्यांचं तेव्हाच बिघडलं होतं. कोणी खुर्ची आणून दिली तर तिच्यावर तुम्ही पाण्याची बाटली ठेवलीत.

मी तुमच्याजवळ आलो नाही. तीन दिवस आतल्या कोपऱ्यात उभा राहून लोकांना आठ थर समजावून सांगत होतो.

त्यानंतर आठ महिने तुमचा फोन नाही. मीही केला नाही. करार झाला एक वर्षाचा.

मग मे महिन्यात, भर उन्हात, फोन वाजला. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "लेव्हल घेऊन या. रामेश्वरजी विहीर खोदून राहिले टेकरीच्या पलीकडे. बांधकाम सुरू व्हायच्या आत भिंत बघायची आहे." मी यंत्र घेऊन पळत आलो. तुम्ही काठी घेऊन चालत होतात, आणि तुम्ही रामेश्वरजींच्या शिडीवरून उतरू नये म्हणून मी जे जे बोललो त्यातलं एक अक्षर ऐकलं नाहीत. पुरुषभर खाली उतरून तुम्ही भिंतीला अंगठा लावलात.

राख होती.

तीच वीतभर राख, तसेच लाल गोळे, तशीच खापरं. आपल्या चरापासून ही जागा टेकरीच्या दुसऱ्या टोकाला. मी जुन्या खुणेपासून लेव्हल लावत आलो. विजेच्या खांबाच्या चौथऱ्यावर दोन वर्षांपूर्वी केलेली आपली खूण अजून शाबूत होती. गेंदाबाई दांडी धरून उभी, मी आकडे घेत होतो. दोन्ही ठिकाणची राख एकाच पातळीवर निघाली. तीनदा मोजली.

मी शिडीच्या तोंडाशी बसून खाली बघत म्हणालो, "ताई, चूल नव्हती. एका घराची आग नव्हती ही. सगळं गाव जळलंय."

मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, बघा! तुम्ही खालून वर बघितलंत, घामाने चष्मा निथळत होता, आणि म्हणालात, "लिहून घ्या. आणि पुढे लिहा, कोणी ते अजून माहीत नाही."

"अजूनही?"

"राख नाव सांगते का, कदमजी?"

वर आल्यावर आपण लिंबाच्या सावलीत बसलो. मी म्हणालो, "ताई, ते प्रदर्शनातलं चित्र..." तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. "आधी आकडे नीट उतरवा, नाहीतर विसराल." मी आकडे उतरवले. पुन्हा विषय काढला नाही. तुम्हाला माहीत होतं का? छपाईवर तुमचा विश्वास बसला होता का? आठ महिने तुम्ही माझ्यावर रागावला होतात, की नुसत्या दुखावला होतात, की फक्त विहिरीची वाट बघत होतात? हे मी आता कोणाला विचारू?

लेख आपण दोघांनी मिळून लिहायला घेतला. तुम्ही हिंदीत बोलायचात, मी मराठीत टिपायचो, आणि छापायचा होता इंग्रजीत. निम्मा वेळ एकेका शब्दावरून वाद. 'विध्वंस' मला हवा होता, तुम्ही तो कापलात. 'आग' तुम्हाला पुरेसा होता. नंतर तुमच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटचं भेटलो तेव्हा नाकाला नळी होती आणि तुम्ही ती सारखी बाजूला करत होतात.

"लेख कुठपर्यंत आला?"

"शेवटचा परिच्छेद राहिलाय."

"आपण जाळलं, असं लिहू नका."

"नाही लिहिणार."

"आणि आपण नाही जाळलं, असं पण लिहू नका. असं म्हणणारे दोघं येतील, एक इकडून, एक तिकडून. दोघांना पण काही देऊ नका."

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आपण दोघंच होतो. सिस्टर येईपर्यंत पाच मिनिटं तरी होती. मी तुमची पाण्याची बाटली भरून ठेवली आणि निघालो.

आता रविवारचं सांगतो.

सभेच्या आदल्या दिवशी कार्यवाहाचा फोन आला. पाच मिनिटं बोला, ताईंच्या कार्याबद्दल बोला, तो वाद नको. मी बरं म्हणालो. फोनवर मी नेहमीच बरं म्हणतो. अध्यक्षांचं भाषण झालं. तुम्ही माळव्यातल्या मराठी वैभवाच्या उपासक होतात, असं त्यांनी सांगितलं. हार घातलेल्या फोटोतही तुम्ही टोपीच घातलेली होती, एवढंच काय ते मला बरं वाटलं. मग माझं नाव पुकारलं.

लेखासाठी तुम्ही माझ्याकडे दिलेलं मूळ चित्र मी नळकांड्यातून काढलं आणि तुमच्या फोटोशेजारच्या फळ्यावर चार पिना टोचून लावलं. म्हणालो, "हे सुमनताईंच्या उत्खननाचं चित्र. यात नऊ थर आहेत. याच सभागृहात तुम्ही जे पाहिलंत त्यात आठ होते. तिसरा थर मी पुसला. मला तसं सुचवण्यात आलं होतं, पण हात माझा होता. ताईंनी विचारलं तेव्हा मी छपाईची चूक म्हणालो. छपाईची चूक नव्हती. मी खोटं बोललो."

कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष उठले. "कदमसर, ही शोकसभा आहे. ही वेळ नव्हे."

"ही वेळ माझ्याकडून आधीच खूप लांबली आहे," मी म्हणालो. आणि विहिरीचं सांगितलं, लेव्हलचे आकडे सांगितले. सगळं गाव जळलं आहे, कोणी जाळलं ते माहीत नाही, हेही सांगितलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मग कशाला सांगून राहिले?" दोन-तीन जण उठून चालू लागले. कार्यवाह चित्राच्या पिना काढायला पुढे आला.

तेव्हा वसंतराव उठले, तुमचा वसंता. मला वाटलं, संपलं. घरच्या माणसालाच अपमान वाटला असणार. ते चित्रासमोर जाऊन उभे राहिले, कार्यवाह आणि कागद यांच्या मधे.

"बोलू द्या त्यांना," ते म्हणाले. "ताईनं ही गोष्ट घरी पण दहा वेळा सांगितली. आम्ही ऐकली नाही. म्हटलं, तिचं चालूच असतं." मग म्हणाले, "तलवार आमच्या घरी आहे. ती कुठे कुठे जाऊन आली, आम्हाला पण माहीत नाही. ताई म्हणायची, माहीत नाही तर तसं म्हणायला काय लाज? तर मी म्हणतो. माहीत नाही."

आणि खाली बसले.

सभा त्यानंतर नीट संपली नाही. अर्धे लोक गेले. उरलेले फळ्यापुढे आले. मागच्या खुर्च्यांवरून गेंदाबाई आली. हातोदहून दोन बायकांना घेऊन बसने आली होती, तिला कोणी कळवलं ते मला माहीत नाही. तिने चित्रावर बोट ठेवलं, बरोबर जात्यावर, आणि सोबतच्या बायकांना म्हणाली, "यो मने निकाल्यो थो. यांज थो." मंडळातल्या एका आजींनी तिला विचारलं, आत खरंच दाणे होते का. त्या दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या, एक मालवीत आणि एक मराठीत.

लेख सोमवारी पाठवला. तुमचं नाव पहिलं. 'विध्वंस' नाही, 'आग' आहे. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही सांगितलंत तेवढंच आहे, दोघांनाही काही दिलेलं नाही. एका गोष्टीत तुमचं ऐकलं नाही. लेख सुरू करताना तुम्हीच म्हणाला होतात, प्रदर्शनाचा उल्लेख शास्त्राच्या लेखात कशाला? मी तळटीप घातली आहे, की या भिंतीचं एक खोटं चित्र अस्तित्वात आहे आणि ते कोणी काढलं. रागवा.

काल मंडळाचं पत्र आलं. सभेचं गांभीर्य बिघडवल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खेद व्यक्त करावा. प्रत कॉलेजला. पुढे काय होणार ते बायकोला आणि मला न सांगता समजलं. ती म्हणाली, "कऱ्हाडला भूगोल नाही का शिकवत?" आणि कणीक मळायला लागली.

आज सकाळी बसून उत्तर लिहिलं. तुम्हाला वाचून दाखवतो.

'आपण मागितल्याप्रमाणे खेद व्यक्त करत आहे. प्रदर्शनाच्या वेळी मी तिसऱ्या थराचा रंग बदलला, याचा मला खेद आहे. सुमनताईंनी विचारल्यावर त्यांच्याशी खोटं बोललो, याचा त्याहून जास्त खेद आहे. त्या रस्त्यावर तीन दिवस उभ्या होत्या आणि मी आत उभा होतो, याचा आहे. हा खेद त्यांच्या हयातीत व्यक्त करायला हवा होता. रविवारी जे बोललो त्याचा मात्र खेद नाही. हे पत्र मंडळाच्या फलकावर लावावं, ही विनंती.'

टपालाने पाठवलं नाही, ताई. स्वतः नेऊन दिलं. कार्यवाहाने उभ्यानेच वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला, ठेवून जा. मी म्हटलं, पोच द्या.

ती मिळाल्याशिवाय हललो नाही.